डाव्या चाकामागचा बोल्ट

३ मार्च, सोमवार

बोलून बसलो. आता निस्तरा!

मामा म्हणतो ते खरं आहे. "भाच्या, तुझी जीभ तुझ्या आधी दोन चौक पुढे असते." आज गॅरेजमध्ये सगळ्यांसमोर, आणि मुख्य म्हणजे तिच्यासमोर, छाती काढून सांगितलं — "कापायची काही गरज नाही. बोल्ट मी काढतो!"

ती म्हणजे चौकातल्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते ती. मागच्या महिन्यात वायपर बदलायला आली होती, तेव्हापासून माझं जे काय झालंय ते इथे लिहिणार नाही. वही आईच्या हाताला लागू शकते. बरं, लिहितो — जेवण जात नाही, झोप येत नाही. बस.

गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी. निळी होती म्हणे, आता निळा फक्त दारांच्या कडांना उरलाय. खड्ड्यात गेली की पुढून डावीकडून खट! चाकाला धरून ठेवणारा लोखंडी आर्म असतो, तो गाडीला जिथे जोडलेला असतो तिथे रबराचं बुश. रबर मेलं की लोखंड लोखंडावर आपटतं. बुश बदलायचं तर आर्म उतरवायचा, आर्म उतरवायचा तर दोन बोल्ट काढायचे. पुढचा निघतो. मागचा बसलाय इंजिनाच्या कुशीत. तिथे हात जातो तर पाना जात नाही, पाना जातो तर हात जात नाही! आधीच्या गॅरेजवाल्याने तिला सांगितलं — गॅसने कापा, नाहीतर भंगारात घाला. कापायचं तर शेजारून ब्रेकचा पाइप गेलाय आणि भोवतालचा पत्रा पापडासारखा.

"भंगारात कशी घालू?" ती मामाला म्हणाली. "आजोबांची कंबर मोडल्यापासून ते फक्त ह्याच सीटवर बसू शकतात. उंच गाडीत चढवत नाही त्यांना. सोळा तारखेला त्यांना त्यांच्या थोरल्या बहिणीकडे न्यायचंय. त्या अंथरुणावर आहेत. आणि ही खट झाली की आजोबा असे कळवळतात ना..."

एवढं ऐकल्यावर कोण गप्प बसेल? मी तर मुळीच नाही.

ती गेल्यावर मामाने मला जॅकवर बसवलं. "तुझ्या बापाशी बोलणं झालंय माझं. ते म्हणतात, पोराने कॉलेज अर्धवट सोडलं, पोहणं अर्धवट, गिटार अर्धवट. आता हा बोल्ट. न कापता निघाला, आणि गाडी बहिणीकडे जाऊन खट न करता परत आली, तर तू कायमचा माझा. नाहीतर जूनमध्ये गुमान कॉलेजच्या बाकावर. मान्य?"

"मान्य!"

जीभ. दोन चौक पुढे.

४ मार्च, मंगळवार

गंज सोडवायचं तेल मारलं. थांबलो. ठोकलं. परत तेल. बोटांची सालटं निघाली. नट जागचा हलला नाही.

मामा मदत करत नाही. मांडी घालून कार्ब्युरेटर पुसत बसतो. "बोललास तू. माझं काय?"

शेजारचा टायरवाला दर तासाला चहाचा ग्लास घेऊन येतो आणि उंटावरून शेळ्या हाकतो. "काय इंजिनियर, बोल्ट काढताय की त्याची समजूत काढताय?" इंजिनियर! तिसऱ्या सत्रात सरांनी माझ्या ड्रॉइंगवर सगळ्या वर्गासमोर लाल रेघ मारली, मी ते ड्रॉइंग फाडून त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि चालता झालो, ही गोष्ट ह्याला कोणी सांगितली? मामानेच. दुसरं कोण.

बाबा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. आईमार्फत बोलतात. मी समोर बसलेलो असताना — "त्याला सांग, मीठ सरकव." आणि मी — "त्यांना सांग, मीठ संपलंय."

५ मार्च, बुधवार

नाही.

७ मार्च, शुक्रवार

नट सुटला!! आणि तरी मी आत्ता हे रडत लिहितोय. म्हणजे खरोखर नाही, पण तसंच.

आधी चांगलं लिहितो. बाजारात त्या फटीत जाईल असा पानाच मिळत नाही. मग म्हटलं, बनवतो. भंगाराच्या पेटीतून जुना रिंगपाना घेतला, तापवून लाल केला, मानेत वाकवला — बगळा खाली बघतो ना, तसा. पहिला तडकला. दुसरा जास्त वाकला. तिसरा जाऊन नटावर असा बसला, जणू दोघं एकाच घरात वाढलेत. मागे पाइप घातला, पाय भिंतीला लावले, डोळे मिटले. कर्रर्र— टक! छातीत वाजलं ते. मामाने कार्ब्युरेटर खाली ठेवला. एवढंच केलं त्याने, पण केलं!

मग नट काढून बोल्ट बाहेर ओढला. दोन बोटं आला. आणि थांबला. त्याचं डोकं इंजिनाला टेकलं. पुढे जागाच नाही! कारखान्यात बोल्ट आधी बसवला असणार आणि इंजिन नंतर. काढायची वेळ कोणावर येईल, हा विचार त्या शहाण्यांनी केलाच नाही.

डोक्यात राख गेली. हातोडी फेकली. ती पत्र्याच्या दारावर जाऊन आपटली, टायरवाल्याचा चहा सांडला.

मामा ओरडला नाही. म्हणाला, "उचल. माफी माग."

"कोणाची? टायरवाल्याची?"

"त्याची नंतर. आधी हातोडीची."

मागितली. काय करणार? हातोडीची माफी मागताना नेमकी ती फाटकात उभी! हातात आजोबांसाठी घेतलेली औषधं. ऐकलं तिने. सगळं ऐकलं. चेहरा एकदम सरळ ठेवून विचारलं, "मग? केलं का माफ तिने?"

जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. पण आमच्याकडे आधीच खड्डा आहे, गाड्यांखाली उतरायचा. त्यात उतरलो.

८ मार्च, शनिवार

बोल्ट दोन बोटं. त्याच्यापुढे नाही. तिरका करून, फिरवून, शिव्या देऊन — नाही.

मामा म्हणाला, "कापायचा का?"

मी म्हणालो, "सोळाला अजून वेळ आहे."

९ मार्च, रविवार

आईपुढे नतमस्तक!

सुट्टी. मी पलंगावर छताकडे बघत पडलेलो. आईला कपाटातला खालचा खण उघडायचा होता. हा खण नेहमी पलंगाच्या पायाला अडतो. मी म्हटलं, "आई, खण तिरका करून ओढ. जरा डावीकडून..." लोळत लोळत अक्कल शिकवत होतो. तिने माझ्याकडे असं पाहिलं! "खण कशाला तिरका करू? एवढी वर्षं काय करत आलेय?" आणि माझ्यासकट पलंगाचा पाय गुडघ्याने वर उचलला, खण सर्रकन ओढला, साड्या काढल्या, खण बंद, पलंग खाली.

मी ताडकन उठलो. बोल्ट कशाला तिरका करू? इंजिन उचलतो ना!

आईला मिठी मारली. ती म्हणाली, "ताप आलाय का?" मग आत जाऊन बाबांना सांगताना ऐकलं — "आज भलताच खुशीत आहे." बाबा म्हणाले, "मग सांभाळून राहा."

१० मार्च, सोमवार

निघाला! निघाला! निघाला!

मामाला विचारलं. त्याने बराच वेळ हनुवटी खाजवली. मग म्हणाला, "इंजिन ज्यावर टेकतं ते एका बाजूचं माउंट सोड. खाली जॅक. मध्ये लाकडी फळी, नाहीतर तेलाचं चेंबर फोडशील. आणि नळ्या बघ. एकही ताणली गेली तर हात थांबव." म्हणजे त्याला माहीत होतं?! विचारलं. म्हणाला, "पुढच्या वेळी तुला माहीत असेल." ह्या माणसाचं काय करायचं!

जॅक एकेक दात चढवला. इंजिन कुरकुरलं, म्हातारं माणूस खुर्चीतून उठतं तसं उठलं. एक बोट. दोन बोटं. मी खाली, बोल्टावर अंगठा. आणि मग काही ओढावं लागलंच नाही. तो आपणहून हातात आला. गंजलेला, लांबलचक, मधे कमरेत झिजलेला.

खड्ड्यातून वर आलो आणि तो टायरवाल्याच्या नाकासमोर धरला. बोललो काहीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा काही बोलायची गरज वाटली नाही. त्याने बोल्ट हातात घेतला, फिरवून पाहिला. "च्यायला," म्हणाला. "न कापता?" मग स्वतःच्या पैशाने सगळ्यांना चहा! असं कधी झालेलं नाही म्हणे.

माझी कॉलर आज एवढी ताठ आहे की मान वळत नाही.

११ मार्च, मंगळवार

नवं बुश आर्ममध्ये दाबून बसवलं. आर्म चढवला. नवा बोल्ट आत, इंजिन खाली, माउंट पक्कं. ती दुपारीच येऊन फाटकाशी उभी राहिली होती. शेवटचे दोन झटके तिच्या देखत मारले — कचकन आवळलं! मग चाकं लावून गाडी खाली.

मामाला शेजारी बसवून रस्त्यावरच्या सगळ्या खड्ड्यांतून फिरवून आणली तिने. परत आली तेव्हा काच खाली करून बसली होती. "काहीच वाजत नाही हो! माझाच विश्वास बसेना. मुद्दाम त्या पाण्याच्या टाकीजवळच्या खड्ड्यात घातली."

मामाचा दंडक आहे, काढलेला जुना पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा. बदलला हे दिसायला हवं. मी बोल्ट पुसला, जरा जास्तच पुसला, स्वच्छ फडक्यात गुंडाळला आणि दिला.

"हा काय करू मी?"

"ठेवा. पुरावा."

"कशाचा पुरावा?"

इथे बोलायचं होतं. हीच ती जागा होती! जी जीभ दोन चौक पुढे असते ती नेमकी आज घरी राहिली. मी म्हणालो, "कामाचा."

"बरं," म्हणाली आणि गेली.

गाडी गेली, खट गेली. आता ती कशाला येईल? हे आधी डोक्यातच आलं नाही. बोल्ट निघाला नसता तर गाडी भंगारात जाऊन ती आली नसती, निघाला तर गाडी सुधारून ती येणार नाही. दोन्हीकडून मीच मेलो!

१२ मार्च, बुधवार

डोळे तपासून आलो. डोळ्यांना काही झालेलं नाही, हे मला जाण्यापूर्वीच माहीत होतं.

खुर्चीत बसवलं. "डावा डोळा झाका. वरून वाचा." वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. त्याखाली कोपऱ्यात तक्ता छापणाऱ्याचं नाव होतं मुंगीएवढं, तेही वाचलं. तिने दिवा लावला. "तुमचे डोळे उत्तम आहेत. कशाला आलात?"

"ते... कामात बारीक बघावं लागतं. मामा म्हणाला."

"मामा म्हणाले?"

"म्हणजे म्हणाला असता."

हसू दाबलं तिने. तिच्याकडे बघवेना म्हणून मी काचेतून बाहेर बघितलं. रस्त्यापलीकडे गाडी उभी होती. निळी कड उन्हात चमकत होती. माझं काम! छाती भरून आली. आणि मग दिसलं.

डावी बाजू वर आहे.

फार नाही. कोणाला दिसणार नाही. तक्त्याच्या कोपऱ्यातलं नाव वाचणाऱ्याला दिसेल. बाहेर पडल्यावर रस्ता ओलांडून बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि बोटं लावली. उजवीकडे टायर आणि पत्रा ह्यांच्यात चार बोटं. डावीकडे पाच.

तोंडचं पाणी पळालं. मी बोल्ट कधी आवळला? गाडी स्टँडवर असताना. चाकं हवेत लोंबकळत असताना! बुशचं रबर बोल्ट आवळला की जागच्या जागी पकडलं जातं. लोंबकळताना पकडलं आणि मग गाडी खाली उतरवली, तर त्याला जन्माचा पीळ बसतो. प्रत्येक खड्ड्यात आणखी पीळ. मग एक दिवस फाटतं. "बुशचा बोल्ट गाडी पायांवर उभी असताना आवळायचा" — मामाने हे मला पहिल्याच आठवड्यात सांगितलंय. मला पाठ आहे! पण इंजिन उचलल्याची नशा होती आणि ती फाटकात उभी होती. तिला झटका दाखवायचा होता ना मला. घे, दाखवला. हात दाखवून अवलक्षण!

१३ मार्च, गुरुवार

दिवसभर कोणाला सांगितलं नाही.

कोणाला कळणारही नाही. मामाने खाली वाकून पाहिलेलं नाही. गाडी गुपचूप बहिणीकडे जाईल, गुपचूप येईल. पैज जिंकली. बाबांना तोंड वर करून "मीठ द्या" म्हणता येईल. रबर काही आठवड्याभरात फाटत नाही, सहा-आठ महिने काढेल.

आणि सहा-आठ महिन्यांनी काय होईल? खट! आणि ती येईल. माझ्याकडेच येईल, दुसरीकडे कुठे? मी काही न करता, नुसता गप्प बसून, ती परत येईल!

हे इथे लिहिलं आणि स्वतःचंच अक्षर बघून लाज वाटली. गाडीत तेव्हाही आजोबाच बसलेले असतील.

मी भांडखोर आहे. अर्धवट आहे. पण एवढा नाही.

१४ मार्च, शुक्रवार

सांगितलं.

आधी मामाला. तो फक्त "हं" म्हणाला. मग विचारलं, "कोणी दाखवून दिलं?" मी म्हटलं, "मीच बघितलं." मामा परत "हं" म्हणाला, पण हा दुसरा "हं" वेगळा होता.

मग तिच्या दुकानात. काउंटरवर एक काका आरशासमोर फ्रेमी लावून बघत होते. त्यांच्यासमोरच सांगावं लागलं. "गाडी परत आणा. माझ्याकडून चूक झालीये."

"पण आवाज तर गेलाय."

"येईल."

"कधी?"

"सहा महिन्यांनी. आठ."

ती फ्रेम पुसत होती. पुसतच राहिली. "मग तेव्हा आले असते ना मी."

"छे, तेव्हा कशाला! उद्याच या. उद्याच करून टाकतो."

काकांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. का कुणास ठाऊक, फार कीव आल्यासारखं.

१५ मार्च, शनिवार

आजचा दिवस मला मरेपर्यंत पुरेल.

गाडी खड्ड्यावर उभी केली. चाकं जमिनीवर, मी खाली. नट सोडला. सोडताक्षणी गाडीने डावीकडून असा श्वास सोडला — फुस्स — आणि बोटभर खाली बसली. कानाने ऐकला मी तो पीळ सुटताना!

आता आवळायचं. मामा म्हणाला, रिकाम्या गाडीवर आवळलं तरी चालतं. मी म्हणालो, "नाही. उद्या जेवढं वजन असेल तेवढंच पाहिजे. माणसं बसवा." मामाने कपाळाला हात लावला. पण ती लगेच स्टिअरिंगवर बसली. मागे सामान असणार, त्याच्या जागी टायरवाला. तो स्वतःच म्हणाला, "माझ्याएवढं सामान म्हणजे घर बदलताय वाटतं!" राहिली पुढची डावी सीट. आजोबांची.

"आजोबा केवढे आहेत?" मी खालून ओरडलो.

"उंच. सडपातळ. ताठ बसतात," ती म्हणाली.

तेवढ्यात फाटकात चपला दिसल्या. खड्ड्यातून मला माणसांचे फक्त पाय दिसतात. ह्या चपला मी ओळखतो. डाव्या पट्ट्याला आईने घातलेला टाका. शनिवारी कचेरी अर्धा दिवस असते. पैज कुठवर आली ते बघायला बाबा स्वतः आले होते.

उंच. सडपातळ. ताठ.

मग मीच बोललो. किती महिन्यांनी — सरळ, आईला मध्ये न घेता. "बाबा, गाडीत बसता का? डावीकडे. हलू नका फक्त."

चपला तशाच थांबल्या. मग दार उघडल्याचा आवाज. गाडी आणखी थोडी खाली आली, माझ्या कपाळाच्या वर. माझ्या बापाचं वजन!

बगळा-पाना नटावर बसवला. जागा मागच्या वेळेपेक्षा कमी, हात कोपरापर्यंत सोलला. थोडं थोडं आवळत होतो. वरून पत्र्यातून बोलणं येत होतं.

बाबा: "हा असा आतमध्ये किती वेळ असतो?"

ती: "काम होईपर्यंत."

बाबा: "लहानपणी माझं मनगटी घड्याळ उघडलं होतं ह्याने. सगळं नीट काढलं. परत लावलं नाही. डब्यात आहे अजून, चाकं नि स्क्रू."

ती: "तुम्ही टाकलं नाहीत?"

मी पाना आणखी थोडा फिरवला. मग बाबा: "म्हटलं, लावेल कधीतरी."

पाना हातातून निसटणार होता. डोळ्यांत काहीतरी गेलं. गंज असणार. खाली फार गंज पडतो.

शेवटचा झटका. कचकन नाही. सावकाश, पुरता, मोजून. "उतरा!" म्हणालो. बोटं लावली. चार. आणि चार.

वर आलो तेव्हा बाबा माझ्या कोपराकडे बघत होते. रक्त आलं होतं. मामाला म्हणाले, "त्याला सांग, औषध लावायला." गेले दोन पावलं. थांबले. वळून मला म्हणाले, "लाव."

१६ मार्च, रविवार

गेली. सकाळीच. रस्त्याच्या कडेला उभं राहून बघितलं. आजोबा डावीकडे, ताठ. आमच्या कोपऱ्यावरच्या खड्ड्यातून गेली. ऐकलं. काहीच नाही ऐकलं!

१९ मार्च, बुधवार

जेवताना बाबांनी टेबलावर डबा ठेवला. आत घड्याळ. चाकं नि स्क्रू. "गाडी आली का परत?" — मला विचारलं. मला!

"नाही अजून."

"आली की बघ हे."

२२ मार्च, शनिवार

नाही आली. आजोबा बहिणीकडे रमलेत म्हणे, चष्म्याच्या दुकानातून कळलं. (दुकानावरून सहज जात होतो.) आजोबा पूर्ण रस्ताभर झोपले गाडीत, हेही कळलं. रस्ताभर! हे मी दोनदा लिहितो. रस्ताभर झोपले.

२७ मार्च, गुरुवार

आली! आणि सगळं संपलं.

दुपारच्या सुट्टीत लिहितोय. फाटकात गाडी उभी केली, उतरलीसुद्धा नाही. मामासमोर, टायरवाल्यासमोर म्हणाली, "आवाज परत आलाय. डावीकडूनच. खट, खट."

टायरवाल्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. हे जास्त लागलं. मामा म्हणाला, "भाच्या, बघ." बाबांना काय सांगू? गाडीची वाट न बघता घड्याळ कालच लावून झालंय. चालतंय ते!

खाली उतरून पाहिलं. नट पक्का. बोल्ट पक्का. बुश नव्यासारखं. चार बोटं, चार बोटं. मग खट कुठून? चालवून बघितल्याशिवाय कळायचं नाही. ती म्हणाली, "संध्याकाळी चला. मी चालवते, तुम्ही ऐका."

मेलो.

तोच दिवस, संध्याकाळ

पाण्याच्या टाकीजवळच्या खड्ड्यात घातली. खट! खरंच वाजलं. पण खालून नाही. आतून! माझ्याच सीटखालून!

गाडी थांबवायला लावली. सीटखाली हात घातला. चष्म्याची टिनची डबी लागली. उघडली — आत माझा बोल्ट. जुना, कमरेत झिजलेला. फडकं काढून टाकलेलं, मोकळा, लोळेल असा ठेवलेला.

ती स्टिअरिंगवर हनुवटी टेकून बसली होती.

"किती वेळ लावलास!" म्हणाली. "मी तर समजत होते, तुझे डोळे उत्तम आहेत."